साडेचार फुटांचा झेंडू

टाळेबंदीत आपण किती खरं बोललो, हे ज्याने त्याने छातीवर हात ठेवून सांगावं. फोनवर कोणी "कसं काय?" विचारलं की "मस्त!" म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय तेव्हा घरोघरी लागली होती. बडनेऱ्याच्या रोहितला तर ती जरा जास्तच लागली.

रोहित अकोल्याला शेतीविषयात पीएच.डी. करत होता. विषय झेंडू. कॉलेजच्या मळ्यात त्याने तीनशे रोपं लावली आणि महिनाभरात टाळेबंदी आली. हॉस्टेल रिकामं झालं, जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, रोहित घरी अडकला. एप्रिलअखेर मळ्याचे राखणदार रामराव यांचा फोन आला, "बाबू, मोटर बंद हाय. तुही सारी झाडं वाळली."

हे आपले गाईड इंगोले सर यांना सांगायचं धाडस रोहितला होईना. फेलोशिप जाईल ही भीती, त्यात 'अजून शिकूनच राहिला का?' म्हणून विचारणारे नातेवाईक! मग दर सोमवारी सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सरांनी "झाडं कशी आहेत?" विचारलं की रोहित सांगे, "मस्त, सर! रामराव मापं घेऊन कळवतात." आणि मनानेच लिहिलेली उंची वहीतून वाचून दाखवी. वाळलेली झाडं दर आठवड्याला वाढत होती!

जूनमधल्या एका सोमवारी त्याची आई पार्बताबाई शेजारी विळीवर भेंड्या चिरत बसल्या होत्या. हे घर पिढ्यान्‌पिढ्या फुलं पिकवणारं. रोहित म्हणाला, "सर, सरासरी उंची साडेचार फूट."

पार्बताबाईंचा हात थांबला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि तळहात आपल्या खांद्यापाशी धरला.

"म्हंजे एवढा? बाप्पा! तीस वर्सं झाले झेंडू लावून राहिलो आमी, कमरेच्या वर गेलेला मी पाह्यला नाई. हा झेंडू हाय का तुरीचं झाड?"

"आई, हळू बोल ना, माइक सुरू हाय!"

माइक खरोखरच सुरू होता. इंगोले सरांनी चष्मा काढून विचारलं, "रोहित, आई काय म्हणून राहिल्या?"

"सर, ते... खत जरा चांगलं होतं."

"कोनतं खत? मले बी आनून दे!" पार्बताबाई म्हणाल्या.

रोहितचा एकदम बांध फुटला. "सर, झाडं एप्रिलमध्येच मेली! हे सगळे आकडे मी घरी बसून लिहिले. मला लाज वाटत होती."

सगळ्यांच्या आधी बोलल्या त्या पार्बताबाईच.

"लाज कायची रे? यंदा मंदिरं बंद, लग्नं बंद. आपून पोत्यानं फुलं बकऱ्यांले खाऊ घातली, अन् साऱ्या गावाले तसंच सांगतलं. रोग काय तू आनला का? पन तुही वही वाचून उद्या एखाद्यानं वावरभर झेंडू लावला अन् फसला, तं त्याले काय सांगशीन? मेलेलं झाड मेलं म्हन. मंग पुढचं पाहू!"

इंगोले सर खाली मान घालून म्हणाले, "ताई, मीपण दोन महिन्यांपासून पोरांना सांगून राहिलो, की तुमच्या प्रबंधाची प्रकरणं वाचतो आहे. मी एकही फाइल उघडली नाही. मन लागतच नाही."

धारणीहून रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसलेल्या मोनालीने कॅमेरा लावला. तीही संशोधक विद्यार्थिनी. डोळे सुजलेले. "सर, मी दर वेळी सांगते तशी इथे रेंज जात नाही. मी रडत असते, म्हणून कॅमेरा बंद ठेवते."

"अवं माय, टाकीवर बसून रडू नोको, पडशीन! आधी खाली उतर!" पार्बताबाई ओरडल्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या मीटिंगमध्ये सगळे हसले.

रोहितने खोट्या नोंदींवर आडव्या रेघा मारल्या. सरांनी स्वतः पत्र लिहून त्याला मुदतवाढ मिळवून दिली. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा रोपं लावली. एक वर्ष वाया गेलं, हे तो आता कोणालाही सरळ सांगतो.

मित्रहो, संकटात काम थांबतं, मन खचतं, यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो ते झाकण्यात. आणि एक गोष्ट आपण मोठ्यांनीही शिकायला हवी. समोरचा रोज "मस्त" म्हणत असेल, तर तिथेच थांबू नका, त्याला पुन्हा एकदा विचारा!