संगमेश्वर आहेत का घरी?

संगमेश्वर एकशे बारा किलोंचा होता, तेव्हा त्याच्या दुकानात गल्ल्यामागची खुर्ची लोखंडी होती. प्लास्टिकच्या दोन मोडल्यावर त्याने ती वेल्डिंगवाल्याकडून मुद्दाम करून घेतली होती. लातुरात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे त्याचं पाइपांचं आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. वय सत्तेचाळीस, सहा वर्षांपासून शुगर. गुडघे इतके दुखायचे की दुकानाच्या तीन पायऱ्या तो कठड्याला धरून चढायचा.

डॉक्टर मॅडमनी वजनाचं इंजेक्शन सुचवलं तेव्हा त्याची बायको सुकन्या शेजारीच बसली होती. आठवड्यातून एकदा, पोटात, स्वतःच टोचायचं.

"दारू घेता?" मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

संगमेश्वरचा हात नकळत शर्टाच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. "न्हाई मॅडम. आमच्यात चालतच न्हाई."

सुकन्या समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली. दर शनिवारी तो नांदेडहून येणाऱ्या रविकिरण या मित्रासोबत 'बैठकीला' जायचा, आणि बडीशेप चघळत परत यायचा. तिला अकरा वर्षांपासून माहीत होतं. तिने कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "कारण शुगरची गोळीही चालूच राहणार आहे. भूक मरेल, तरी जेवण चुकवायचं नाही. गोळी घेतली, पोट रिकामं आणि वरून दारू, असं झालं तर शुगर झपकन खाली येते. माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, बेशुद्ध पडतो. वेळेत कळलं नाही तर जीवही जातो."

"हाव मॅडम," संगमेश्वर म्हणाला.

फ्रिजच्या दारात अंडी ठेवायच्या खाचा असतात, त्यांत या घरात लिंबं असायची. आता त्यांच्या शेजारी इंजेक्शनचं पेन आलं.

पाच महिन्यांत सव्वीस किलो उतरले. सगळे कौतुक करत होते. औशाहून येणारं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात शिरून थेट त्यालाच म्हणालं, "शेठ न्हाईत का आज?" संगमेश्वर खूप हसला, घरी येऊन दोनदा सांगितलं. पुढे असं आणखी तीन-चार जणांकडून झालं, तेव्हा मात्र त्याने सांगायचं सोडून दिलं.

सुकन्याला वजनापेक्षा दुसरंच काही खटकत होतं. या माणसाला आता काही नको असायचं. पूर्वी सकाळी पूजेवरून उठतानाच "धपाटे करतीस का?" म्हणून आवाज यायचा. आता "काय करू?" विचारलं की "कर काहीबी." ताटात शेंगदाण्याची चटणी, दही, भाकरी तशीच पडून राहायची आणि तो समोर बसून बघायचा, जणू दुसऱ्या कुणाचं ताट आहे. मुलगी शिवानी पुण्याला शिकायला होती. तिचा फोन आला की तो दोन वाक्यं बोलून सुकन्याच्या हातात द्यायचा. कधी पॅसेजमध्ये अचानक समोर आला तर सुकन्या दचकायची. त्याच्या पावलांचा आवाजच येईनासा झाला होता.

शनिवारच्या बैठका मात्र चालूच होत्या.

एप्रिलमधला शनिवार. सकाळी त्याने गोळी घेतली, धपाट्याचे दोन घास खाल्ले आणि "रविकिरण यायलाय" म्हणून निघून गेला. पुढचं रविकिरणनेच नंतर सुकन्याला सांगितलं, मान खाली घालून. औसा रोडवरच्या एका हॉटेलात दोघं बाराच्या सुमाराला बसले. संगमेश्वरने पहिला ग्लास संपवला आणि ओठ पुसत म्हणाला, "रवी, चवच लागेना झालीय. पाणी पिल्यावानी वाटायलंय. पहिल्यासारखं काहीतरी वाटलं पाहिजे की." त्या हट्टाने तो चार ग्लास प्याला. जेवण मागवलं ते तसंच राहिलं. अडीचच्या सुमाराला तो गप्प झाला. घाम येत होता, पण ऊन होतं, कुणाला वावगं वाटलं नाही. रविकिरणच्या ड्रायव्हरने त्याला गल्लीच्या तोंडाशी सोडलं.

तीन वाजता घराची बेल वाजली.

सुकन्याने दार उघडलं. संगमेश्वर उभा होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा राखेसारखा. पण ती थबकली ती त्याच्या उभं राहण्यानं. उंबऱ्यापासून दोन पावलं मागे, हात पुढे बांधून, नजर जमिनीकडे. चपला त्याने काढून एका कडेला नीट जोडून ठेवल्या होत्या.

"नमस्कार वहिनी," तो म्हणाला. "संगमेश्वर आहेत का घरी?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसलीसुद्धा. "या आत. ऊन लागलंय वाटतं."

"नसतील तर मी येतो नंतर."

आवाज त्याचाच होता. पण त्या आवाजात तिची काही ओळखच नव्हती. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी "वहिनी" म्हटलं नव्हतं, थट्टेतही नाही.

"आहेत," ती कशीबशी म्हणाली. "बसा."

तो आत आला. रोज ज्या सोफ्यावर तो लोळायचा तिकडे गेलाच नाही. दाराजवळच्या, पाहुण्यांच्या लाकडी खुर्चीवर टेकला, अगदी कडेला. भिंतीवर दोघांचा लग्नातला फोटो होता. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला.

"भला माणूस," तो म्हणाला. "लई खायचा. हसायचाबी लई. आता दिसत न्हाई कुठं."

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. पंखा फिरत होता. भर दुपार होती, शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, तरी पळत बाहेर जावं असं सुकन्याला वाटलं.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

तो विचारात पडला. ओठ हलले, कपाळाला आठ्या पडल्या. मग एखादं जड ओझं खाली ठेवावं तसा तो म्हणाला, "मला थांबायला सांगितलंय."

"कोणी?"

त्याने मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. तरी तो तिकडे बघून, वडीलधाऱ्या माणसाला बघावं तसा, हळूच खुर्चीत सावरून बसला.

सुकन्याने त्या दाराकडे पाहिलं नाही. तिची नजर त्याच्या हातांवर गेली. बोटं थरथरत होती, दाणे टिपणाऱ्या चिमणीच्या चोचीसारखी. हनुवटीवरून घामाचा थेंब पडला. आणि दारूचा वास, बडीशेप नसलेला, सरळ वास. मॅडमचं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं.

ती स्वयंपाकघरात धावली. तांब्यात मूठभर साखर टाकली, पाणी ओतून हातानेच ढवळलं, ग्लास भरून आणला.

"घ्या."

"न्हाई वहिनी. परक्याच्या घरी मी काही घेत न्हाई."

"पाणीच आहे."

"न्हाई." त्याने ग्लास नम्रपणे मागे सारला. पापण्या जड होत होत्या. थोडा वेळ गेला तर हा गिळूही शकणार नाही, हे तिला कळलं. ओरडावं, दंडाला धरून पाजावं असं वाटलं. पण तो घट्ट ओठ मिटून बसला होता. ती त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसली, डोक्यावरून पदर घेतला, आणि अनोळखी पाहुण्याशी बोलावं तशी बोलली.

"असं कसं? मालक आतून सांगायलेत, पाहुण्याला सरबत दिल्याशिवाय जाऊ द्यायचं न्हाई. तुम्ही न्हाई घेतलं तर मला बोलतील."

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "रागावतील?"

"लई रागीट हायेत."

मग त्याने दोन्ही हातांनी ग्लास घेतला. दात काचेवर वाजत होते. तिने खालून तळ धरला. एक घोट, दुसरा. अर्धं सरबत शर्टावर सांडलं. तिने दुसरा ग्लास भरून पाजला. शेजारच्या अमरनाथकाकांना हाक मारून गाडी काढायला सांगितली आणि पुन्हा त्याच्यापाशी येऊन बसली.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. ती त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होती. आधी डोळ्यांची उघडझाप सुरू झाली. मग तो खोलीभर बघू लागला, सोफा, फोटो, पंखा. शेवटी नजर तिच्यावर आली आणि तिथेच अडकली.

"सुकन्या," तो म्हणाला, "तू खाली का बसलीस?"

तेव्हा ती रडली.

दवाखान्यात पोचल्यावर शुगर मोजली तर सरबतानंतरसुद्धा छप्पन्नच होती. सलाइन लावलं. संध्याकाळपर्यंत ती आणखी एकदा घसरली, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर मॅडम आल्या, कागद चाळले आणि विचारलं, "काय काय घेतलं होतं?"

सुकन्या म्हणाली, "मॅडम, हे दारू पितात. दर शनिवारी. पहिल्या दिवशी मी इथंच बसले होते, मला माहीत होतं, मी बोलले न्हाई."

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी शुगरची गोळी बंद केली, दारू पूर्ण सोडायला सांगितलं आणि म्हणाल्या, "अशा वेळी मेंदूला साखरच मिळत नाही. माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला कळत नाही. मनावर घेऊ नका."

सुकन्याने मान हलवली.

सोमवारी घरी परत येताना, रिक्षात, त्याने विचारलं, "मी काय काय बोललो?"

तिने सगळं सांगितलं. वहिनी म्हणालात, फोटोबद्दल बोललात, आतल्या दाराकडे बघत होतात. तो बाहेर बघत ऐकत होता. गांधी चौकात सिग्नलला रिक्षा थांबली.

"मला त्यातलं काही आठवत न्हाई," तो म्हणाला. "बेल वाजवली तेवढं आठवतंय. भीती वाटायली होती."

"कशाची?"

त्याने मान तिच्याकडे वळवली.

"तो संगमेश्वर खरंच घरात असला तर, याची."

रिक्षा पुन्हा चालू झाली. सुकन्याने त्याचा हात आपल्या हातात घेतला. हात गरम होता, आणि पूर्वीपेक्षा इतका हलका, की ती तो घर येईपर्यंत धरूनच बसली.