मास्तरांचे तीन मजले

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर, फायलींच्या मागे जो राखाडी डबा दिसतो ना, तो मी. स्नायूंना विजेचे हलके झटके देणारा. घाबरलात? अहो, नुसत्या मुंग्या येतात! माझ्या चार वायरींना चार चिकट पट्ट्या असायच्या. फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांच्या मांड्यांवर इथल्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या ताई त्या लावायच्या आणि त्यांना व्यायामाच्या सायकलवर बसवायच्या. पायांत बळ आलं की तेच काम थोड्या श्वासात होतं, हे मी ताईंच्या तोंडून हजारदा ऐकलंय.

आमचे टेलरमास्तर मला फार आवडायचे. दहा पावलं चालले की भिंत धरायचे. त्यांची लेक तिसऱ्या मजल्यावर राहायची, तिथे लिफ्ट नव्हती. मास्तर दोन वर्षांत एकदाही वर गेले नव्हते. एकदा चार वर्षांच्या नातीने त्यांना फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्हाला आमचं घर आवडत नाही का?" ते मास्तरांनी इथे येऊन ताईंना सांगितलं. दुसऱ्याच दिवसापासून ते नेमाने येऊ लागले.

मी जीव तोडून काम केलं. पण महिन्याने ताईंनी त्यांना वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालवून पाहिलं, तर अंतर पूर्वीइतकंच! मास्तर चिडले. "हा डबा निव्वळ बोगस आहे," म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! खरी गोम मला माहीत होती, पण मला कुठे तोंड होतं?

एकदा ताई दुसऱ्या पेशंटकडे वळल्या आणि सहज मागे बघतात तर काय, सायकल ठप्प!

"मास्तर, पाय का थांबले?"

"अहो, हा डबा करतोय की व्यायाम! मी कशाला मधे लुडबुड करू?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "डबा मदतीला आहे हो. तिसऱ्या मजल्यावर डबा जाणार आहे की तुम्ही?"

मास्तर ओशाळले, मग खोकला येईपर्यंत हसले. त्या दिवसापासून मी स्नायू आवळायचो आणि ते पाय मारायचे. काय दिवस होते ते!

दोन महिन्यांनी ते दारातूनच ओरडले, "ताई, पोचलो! अर्धा तास लागला, पण पोचलो!" मग हळू आवाजात म्हणाले, "नात खाली आली होती. मी थांबलो की तीही माझ्याशेजारी पायरीवर बसायची. म्हणाली, आजोबा, मलापण दम लागलाय." आणि त्यांनी डोळे पुसले.

पुढे नवं यंत्र आलं. माझ्या पट्ट्या सुकल्या, बटण ढिलं झालं आणि मी इथे वर आलो. कधीतरी माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, माझं राहू द्या. जिन्यात कुणी आजोबा कठडा धरून थांबलेले दिसले, तर "चला ना लवकर" म्हणू नका. त्यांच्याशेजारी जरा बसा.