धुराला बसायला जागा

आमची मुलगी भट्ट्या काढते. म्हणजे कागदावर. लोकांच्या पोरी फुलं-पाखरं काढतात, आमची कचरा जाळायच्या भट्ट्या काढते. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचो. आता ती एका रेघेपाशी तासन्‌तास बसते, पण नाव काही सुटलं नाही.

आमच्या घरामागे माळ आहे. माळाच्या टोकाला सगळ्या वस्तीचा कचरा उघड्यावर जळायचा. घरातलं ओलं-सुकं, कारखान्यांतलं रबर, चिंध्या, रंगाचे डबे, सगळं एकाच खड्ड्यात. त्या धुरानं हिला, म्हणजे आमच्या मंडळींना, दम लागायचं दुखणं जडलं. गच्चीचा जिना चढताना ही मध्येच थांबायची आणि खिडकीबाहेरचं झाड बघतेय असं दाखवायची. मला बनवते! बघून माझा जीव खालीवर व्हायचा, पण मीही झाडच बघायचो. भिंगरीनं मात्र एक दिवस सरळ सांगितलं, "आई, तो खड्डा मी बुजवणार." आणि कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून झिजवून तिनं माळावर आपली भट्टी उभी केली. भट्टी नीट चालली तर खड्डा कायमचा बंद, नाहीतर हिच्या छातीत पुन्हा तोच धूर. एवढी साधी गोष्ट होती.

भट्टीला दोन खोल्या. पहिलीत कचरा जळतो, दुसरीत त्याचा धूर.

"धूरसुद्धा जळतो, बाबा. त्याला भरपूर ताप द्यायचा आणि थोडी उसंत द्यायची."

हे ऐकायला मला फार आवडायचं. उभा जन्म मी बस चालवली, कधी डुलकी घेतली नाही. तो सगळा अनुशेष आता गच्चीवर आरामखुर्चीत भरून काढतो. डोळे मिटले की ती दुसरी खोली दिसायची. केशरी, निवांत. धूर एकेक करून आत यायचे, जागा बघून टेकायचे आणि बसल्या बसल्या फिके होत होत नाहीसे व्हायचे. कुणाला घाई नसायची.

धुराड्यात आकडे दाखवणारं यंत्र होतं, पण भिंगरीला तेवढं पुरेना. "यंत्र दिवसभराची सरासरी सांगतं. आपल्या गच्चीवर काय पडतं ते आई सांगेल," ती म्हणाली. मग असं ठरलं की हिनं रोज सकाळी एक पांढरी चादर धुऊन दोरीवर घालायची आणि संध्याकाळी भिंगरीनं ती बघायची. चादर काळवंडली तर भट्टी बंद करून दुरुस्ती. पहाऱ्यावर मी. हसू नका.

काय ते दिवस! वाऱ्यानं चादर फुगायची, बसायची, पुन्हा फुगायची. तिच्या सावलीत मी पडलेला. कधी वाटायचं, अख्खी गच्चीच सावकाश कुठेतरी निघालीय, खाली सगळ्या वस्त्या झोपल्यात आणि नवल म्हणजे स्टिअरिंगवर मी नाही. जाग यायची तेव्हा ऊन उतरलेलं असायचं आणि जिन्यात भिंगरीची पावलं वाजायची. ती चादरीवरून बोट फिरवायची, बोट बघायची आणि खळखळून हसायची. "शुभ्र!" मग तीच चादर अंगाभोवती गुंडाळून लहानपणासारखी गिरक्या घ्यायची. ही दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहायची.

एक दिवस भिंगरीनं बोट फिरवलं आणि ती हसलीच नाही. तळवा चादरीवर तसाच ठेवला. मूठभर कचरा हातात घेऊन त्यात पाणी किती ते सांगणारी पोर ती.

"सकाळची चादर," ती म्हणाली. "दिवसभर कडकडीत ऊन. आणि अजून दमट?"

"आज हवाच जरा तशी..." मी तोंड घातलं.

"बाबा, तुम्ही झोपला होता."

हे खरंच होतं.

"आई, कधीपासून?"

ही पदराचं टोक चुरगाळत होती. "पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "दुपारी हे घोरायला लागले की उतरवते, खाली जाऊन धुते, पुन्हा आणून घालते. तू हसतेस ना गं ती बघून. मला ते मोडवेना."

माझा पाराच चढला. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? त्या छातीनं ओली चादर घेऊन तू जिना चढत होतीस? रोज?"

"ओरडू नका," ही म्हणाली. "खाली ऐकू जातं."

भिंगरी रागावली नाही, त्याचंच वाईट वाटलं. चादर मांडीवर घेऊन ती खाली बसली आणि मनसोक्त रडली. मग नाक पुसून तिनं फोन केला आणि भट्टी विझवायला सांगितली.

भट्टी पुरती निवल्यावर तिनं आम्हा दोघांना आत नेलं. दार बुटकं, वाकून जावं लागलं. आत चहूकडे भाजक्या विटा आणि अशी शांतता की आपलाच श्वास मोठा वाटावा. आत बघायच्या भोकातून उजेडाची एक काठी आडवी आलेली. आपण जागे आहोत की गच्चीवर, हे मला नीट कळेना.

"आई, तू आता धूर हो," भिंगरी म्हणाली.

दुसरं कुणी म्हणालं असतं तर हिनं फटकारलं असतं. पण हिनं मुकाट्यानं ती चादर खांद्यावर घेतली आणि चालू लागली. पहिली खोली, मधलं भोक, दुसऱ्या खोलीतली एकुलती एक आडभिंत, आणि लगेच धुराड्याचं तोंड.

"झालं?"

"झालं. किती पटकन बाहेर पडलीस बघ. सकाळी ओला कचरा पडला की त्याची वाफ होते. ती धुराला मागून ढकलते, आणि तो माझ्या खोलीतून पळतच सुटतो."

हिला मात्र तेवढ्यानंही दम लागला होता. विटांच्या एका थरावर ही टेकली. भिंगरी शेजारी बसून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तो हात श्वासाबरोबर वर-खाली होत होता, हळूहळू संथ होत गेला. मग भिंगरीनं खडू काढला आणि आई बसली होती तिथेच जमिनीवर रेघ ओढली.

"इथे आणखी एक भिंत. इथून वळण. धुराला बसायला जागाच दिली नव्हती मी."

भिंत झाली. भट्टी पुन्हा पेटली. सकाळी चादर दोरीवर चढली आणि त्या दिवशी मी झोपलो नाही, शप्पथ. ही समोर बसून माझ्यावर पहारा करत होती आणि मी तिच्यावर. मधे चादर फुगत होती. दिवस कसा गेला कळलंही नाही.

भिंगरी आली तेव्हा चादर हिनंच उतरवली. कडक वाळलेली. हिनं ती उजेडाकडे धरली. एका कोपऱ्यात फिकट करडी छटा होती. हिचा अंगठा तिथे गेला, एकदा घासला, आणि थांबला. हिनं चादर लेकीच्या हातात दिली.

"काळी आहे गं, पोरी. थोडीच, पण आहे."

भिंगरी त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं आईला घट्ट मिठी मारली आणि केसांत खोचलेली पेन्सिल काढली. "आता जमेल," म्हणाली.

आम्ही खाली निघालो. चादर आज हिच्याकडेच होती. अर्ध्या जिन्यात ही थांबली. आता खिडकीबाहेरचं झाड बघणार, मला वाटलं.

"थांबा जरा," ही म्हणाली. "दम लागलाय मला."

आम्ही तिघंही पायरीवर बसलो.