वाऱ्याचं इंग्रजी नाव

दोरावर लटकलेल्या माणसाने वाऱ्याचं नाव काढायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की पहिल्या नियमावर वाद घालायचा नाही. आणि तडतडीचं निम्मं आयुष्य दुसरा नियम मोडण्यातच चाललं होतं.

तिचं खरं नाव घरात कुणी वापरत नसे. गरम तेलात मोहरी पडावी तशी बोलायची, म्हणून तडतडी. नववीत वर्गाच्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या?" ही म्हणाली, "रोज तुम्हीच तर भरता." दप्तर उचललं आणि घरी आली ती आलीच. आईने डोक्याला हात लावला. बाबांनी काही दिवस अबोला धरला आणि मग एका सकाळी म्हणाले, "चल. निदान डोळे तरी धड आहेत तुझे."

बाबा आणि लंबूकाका उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचे. गच्चीवरून दोर सोडायचा, कमरेला पट्टा, बुडाखाली फळी, बाजूला लटकती बादली, हातात वायपर. तडतडी गच्चीवर थांबायची. गाठींवर लक्ष ठेवायचं, कठड्यावर दोर घासतो तिथलं गोणपाट सरकलं की नीट करायचं, आणि आभाळाकडे बघत राहायचं. शाळेत खिडकीबाहेर बघते म्हणून बोलणी खाल्ली होती. इथे बाहेर बघण्याचाच पगार मिळत होता.

वाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग सांगायचं कसं? त्याची सोय या लोकांनी कधीच करून ठेवली होती. झुळूक आली की म्हणायचं, "ताई आली." जरा जोर धरला की, "मामा आलेत." आणि दोर हलवणारा असला की, "सासरेबुवा." सासरेबुवा म्हटलं की हातातली काच अर्धी पुसलेली असली तरी तशीच टाकायची आणि गप खाली उतरायचं.

"खरं नाव घेतलं तर काय होईल हो?" तडतडीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"आपल्याला बोलावलं असं वाटतं त्याला," बाबा म्हणाले.

"त्याला कान आहेत?"

"हिला जीभ आहे तेवढी पुरे आहे," लंबूकाका म्हणाले, आणि विषय संपला.

मग नवा टॉवर मिळाला. एवढं मोठं काम बाबांच्या हाताला आधी कधी लागलं नव्हतं. पुढून-मागून सगळी काच, वर्षभर पुरेल एवढी. पण त्या टॉवरचे नियम वेगळे. तळघरातल्या कंट्रोल रूममधून एक बाई सगळ्यांवर लक्ष ठेवायच्या, आणि गच्चीवरच्या माणसाने तासातासाला वॉकीटॉकीवरून हवा कशी आहे ते सांगायचं, तेही इंग्रजीत. इमारतीत कुठकुठच्या देशांतली माणसं कामाला, तेव्हा सगळ्यांना कळेल असं बोलायचं. बाबांनी लंबूकाकांकडे पाहिलं. लंबूकाकांनी आभाळाकडे पाहिलं.

"हिला लावा शिकायला," लंबूकाका म्हणाले. "तोंडाला लगाम नाही, तर इंग्रजीलाही नसेल."

कंट्रोलबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, घरच्यांसारखं बोलणाऱ्या. दुपारच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर, चहाच्या मशीनपाशी त्यांनी तडतडीला स्टुलावर बसवलं. शाळेतल्या बाईंसारखं "अर्थ लिही, पाठ कर" नाही. त्या खिडकीकडे बोट दाखवायच्या.

"समोरची इमारत दिसते, पण तिच्या खिडक्या वेगळ्या दिसत नाहीत. ते मिस्ट. इमारतच दिसत नाही, ते फॉग. आणि सगळं दिसतं, पण मळक्या काचेतून बघितल्यासारखं, ते हेझ."

"मग पुसून घेऊ का?"

"पूस हो. बिल पाठव वरच्याला." बाई हसल्या. "पाऊस आहे की नाही असा प्रश्न पडावा एवढाच पडतो, तो ड्रिझल. आभाळाने सगळीकडून झाकण लावलं, की ओव्हरकास्ट. आता तुझ्या कामाचं ऐक. पान हलत नाही, ते काम."

"काम?"

"इंग्रजी शब्द आहे, आ लांबवून म्हण. काऽम."

"म्हणजे काम असेल तरच काम चालू," तडतडी म्हणाली, आणि दोघी चहा सांडेपर्यंत हसल्या.

पण पुढचं बाईंनी हसत सांगितलं नाही. त्याच्या वर ब्रीझी, म्हणजे केस उडतात पण बरं वाटतं. त्याच्या वर विंडी, मग आम्ही विचार करायला लागतो. आणि गस्टी. "गस्टी म्हणजे एकसारखा नाही. थांबतो, मग धक्का मारतो. परत थांबतो. तू गस्टी म्हणालीस की मी कुणाला विचारत बसत नाही. भोंगा, आणि सगळे खाली. त्या दिवसाचं काम बंद."

तडतडीला त्या रात्री जेवताना गंमत वाटत होती. शाळेतला शब्द चुकला तर लाल रेघ. हा शब्द चुकला तर माणसं खाली. किंवा वरच.

"गस्टी," ती घासागणिक म्हणाली. "गस्टी, गस्टी."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "हे बघ. तू ब्रीझी म्हणायचं."

"आणि नसेल तर?"

"तरी ब्रीझी. खरंच सासरेबुवा आले तर मला दोरावर आधी कळतं, मी उतरतो की नाही? मग त्या बाईला कशाला सांगायचं? महिन्यात दोनदा काम बंद पडलंय आधीच्या पार्टीचं, म्हणून तर आपल्याला मिळालं. आणि वर लटकलेलं असताना ते नाव घ्यायचं नाही. इंग्रजीत पण नाही."

"वाऱ्याला इंग्रजी येतं?"

"तो सगळे देश फिरून येतो," बाबा म्हणाले. "त्याला सगळंच येतं."

तडतडी ताट घेऊन मोरीकडे गेली.

मग रोजच ब्रीझी. पान हलत नसलं तरी ब्रीझी, केसांचा गुंता झाला तरी ब्रीझी. वॉकीटॉकी खरखरायची, बाई विचारायच्या, ती उत्तर द्यायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो शब्द खरा वाटला होता. महिन्याभरात त्याचा पार चोथा झाला. एकदा बाईंनीच चहाच्या वेळी विचारलं, "काय गं, तुझ्या गच्चीवर दुसरी हवाच येत नाही का?" तडतडी तिरसटून म्हणाली, "हवा मी बनवत नाही." आणि मग दिवसभर तिला स्वतःचाच राग येत राहिला. शाळेत निदान खोटं पाठ केलं नव्हतं. म्हणून तर बाहेर पडली होती.

मध्ये एकदा काम बंद पडलं, ते पावसाने. मॅनेजर गच्चीपर्यंत आला आणि बाबांना म्हणाला, "पाऊस मला दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता उगीच एक दिवस गेला, तर मागची बाजू मी दुसऱ्यांना देणार." बाबांनी नुसती मान हलवली. मागची बाजू म्हणजे निम्मं काम होतं.

तो दिवस हेझचा होता. सकाळपासून उकडत होतं. बाबा आणि लंबूकाका मागच्या बाजूला, अर्ध्या उंचीवर पोचलेले, काचेकडे तोंड करून. तडतडी कठड्याशी. तिला पहिल्यांदा दिसली ती रस्त्यापलीकडच्या बांधकामावरची हिरवी जाळी. ती फुगली. गर्भार बाईच्या पोटासारखी गोल झाली, आणि एकदम खाली पडली. मग काही नाही. मग परत फुगली. इकडे गच्चीवर एक केस हलत नव्हता.

तिने खाली वाकून हाक मारली. "बाबा! सासरेबुवा निघालेत घरातून!"

"दारात आलेत का?" खालून आवाज आला.

"नाही!"

"मग येऊ देत! एवढी रांग पुसून घेतो!"

"लंबूकाका, तुम्ही तरी!"

"मी जावई नाही गं त्यांचा," लंबूकाका ओरडले, आणि वायपर काचेवर फिरल्याचा कुईं आवाज आला.

जाळी परत फुगली. या वेळी जास्त वेळ फुगलेली राहिली. तडतडीने गाठीवर हात ठेवला. गाठ गार आणि घट्ट होती, काही सांगत नव्हती. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. बाई रोजच्यासारख्या, कंटाळलेल्या आवाजात विचारत होत्या.

तिने बटण दाबून धरलं.

ब्रीझी म्हणणं सोपं होतं. जिभेला सवय होती. बाबा तिथे लोंबकळत होते, आणि वर असताना नाव घ्यायचं नाही. मागची बाजू जाणार. आई विचारणार, आता काय? आणि जाळी रस्त्याच्या पलीकडे होती, अलीकडे नव्हती. हे जे दिसतंय त्याला गस्टी म्हणतात का, हेसुद्धा तिला नक्की माहीत नव्हतं. थांबतो, मग धक्का मारतो, परत थांबतो. धक्का तर तिला लागलाच नव्हता.

"गस्टी," ती म्हणाली.

"परत सांग?"

"गस्टी! गस्टी, गस्टी! काढा त्यांना!"

भोंगा वाजला. खाली चौकीदार धावले. बाबांनी मान वर करून पाहिलं. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता, पण मान किती वेळ वर होती ते तिला दिसलं. मग दोन्ही दोर सरसर सैल होत गेले.

आणि वारा आला नाही.

दुपारभर आला नाही. जाळी ओल्या फडक्यासारखी लटकत राहिली. तडतडी दोर गुंडाळत गच्चीवर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणत होती, ये ना रे बाबा, एकदा तरी ये. पान हलत नव्हतं. काऽम. एकदम काऽम.

खाली सामानाच्या खोलीत मॅनेजर उभा होता. शेजारी कंट्रोलबाई, चष्मा आता डोळ्यांवर.

"गच्चीवरच्या वारा मोजायच्या मीटरवर काही दिसलं नाही," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "ही म्हणते, पलीकडे जाळी हलत होती. जाळ्या हलतातच." मग तो बाबांकडे वळला. "तुम्ही दोरावर होता. तुम्हाला लागला का वारा?"

तडतडीच्या तोंडात उत्तर तयार होतं, तिखट. ते तिने तसंच धरून ठेवलं. बाबा 'नाही' म्हणणार होते. 'नाही' हेच खरं होतं. पोरगी लहान आहे, चुकली, माफ करा, असं म्हटलं की मागची बाजू वाचत होती आणि तडतडी उद्यापासून घरी. तिला वॉकीटॉकी परत कुणी दिला नसता.

बाबांनी कमरेचा पट्टा सोडला. बराच वेळ लावून सोडला.

"लागला नाही," ते म्हणाले. "पण साहेब, माझं तोंड काचेकडे होतं. पाठ होती तिकडे. तिचं तोंड तिकडे होतं."

"म्हणजे वारा होता?"

"मला माहीत नाही."

लंबूकाकांनी चमकून पाहिलं. बाबांच्या तोंडून हे तीन शब्द त्यांनीही कधी ऐकले नसावेत.

"ही तुमची मुलगी म्हणून म्हणताय," मॅनेजर म्हणाला.

"मुलगी म्हणून म्हणायचं असतं तर चुकली म्हणालो असतो. घरी शांतता राहिली असती."

कंट्रोलबाई म्हणाल्या, "पुन्हा असं दिसलं तर तिने हेच सांगावं, असं माझं मत आहे." मॅनेजरने ऐकून घेतलं. आणि मागची बाजू सोमवारपासून दुसरी पार्टी करेल, असं सांगून तो गेला.

सामान टेम्पोत चढवताना लंबूकाका पुटपुटत होते. "एक शब्द. निम्मी इमारत गेली एका शब्दात. एवढं तर माझी बायकोसुद्धा बोलून घालवत नाही."

तडतडीने शेवटची बादली चढवली. टेम्पोच्या मागच्या बाजूला दोराच्या वेटोळ्यावर बसली आणि पाय पोटाशी घेतले. बाबा पुढे बसायचे, आज मागे येऊन बसले.

"काय दिसलं नक्की?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना. जाळी."

"जाळी कशी? नीट सांग."

तिने सांगितलं. कशी फुगली, किती वेळ, पडली कशी, मग मधे काय होतं. एक कबूतर उडालं होतं आणि सरळ जायचं सोडून तिरकं गेलं होतं, हे तिला आता सांगताना आठवलं. बाबा मधे एकदाही तोडून बोलले नाहीत. खड्ड्यात टेम्पो आदळला, बादल्या खणखणल्या, ती थांबली, आणि ते म्हणाले, "मग?"

"मग काही नाही. शब्द माहीत नव्हता मला. गस्टी जवळचा वाटला."

"आला असता का?"

"काय माहीत. नसता पण आला." ती चिडली. "तुम्हीच सांगा ना, वीस वर्षं लटकताय!"

"वीस वर्षं काच बघतोय मी," बाबा म्हणाले. "त्यात मागचं जेवढं दिसतं तेवढंच."

लंबूकाका पुढून मान वळवून ओरडले, "आता उद्या समोरची बाजू! ब्रीझी म्हणेल ना ही?"

"जे असेल ते म्हणेल," बाबा म्हणाले. "आणि तिने खाली या म्हटलं की यायचं. मी पण येणार. रांग राहिली तर राहिली."

"आणि वारा आलाच नाही तर?"

बाबा टेम्पोच्या फळीला टेकले. आभाळ मळक्या काचेसारखं मागे मागे जात होतं.

"नाही आला तर आपण खाली आहोतच," ते म्हणाले. "परत वर चढू."