चौकोनातली झीज

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला उभ्या आयुष्यात एक सरळ रेघ काढता आलेली नाही. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळ भल्या माणसांना येत नाही. पण ती भली माणसं रेघ काढायच्या साधनांवर जगाला शिकवण्या देत बसत नाहीत. हा बसतो. कॉम्प्युटरवर चित्रं काढायची पाटी असते ना, ड्रॉइंग टॅबलेट, तिच्या पेनाची निब किती टिकते, कुठल्या पाटीवर लवकर झिजते, पाटीचा खरखरीतपणा कधी जातो, ह्यावर तो दर रविवारी सकाळी व्हिडिओ करतो, आणि रिकामटेकड्यांना तोटा नसल्यामुळे तो बघितलाही जातो. बघणारे त्याला 'गुरू' म्हणतात. मी त्याला झिजमापे म्हणते. अर्थात मनातल्या मनात. तोंडावर 'जावईबापू' म्हणते, आणि त्यातली खोच त्याला अजून कळलेली नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. ह्या गृहस्थाने नाचायचा नाद सोडून थेट अंगणाचाच अभ्यास सुरू केला. त्याच्या टेबलावर सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा आहे, भिंग आहे, तीन आकारांचे चिमटे आहेत. निब म्हणजे काय, तर तांदळाच्या दाण्याहून जराशी लांब अशी प्लास्टिकची काडी. ती एका बाजूने झिजते, तिला धार येते, मग पाटीवर ओरखडे पडतात. चित्र काढणारा माणूस ती चिमट्याने ओढून काढतो, दुसरी बसवतो आणि कामाला लागतो. झिजमापे तिला काट्यावर ठेवतो आणि श्वास रोखून धरतो. बाळाचं पहिलं वजन करताना नर्ससुद्धा इतकी गंभीर नसते.

आता निब किती झिजली ते मोजायचं, तर आधी ती कुणीतरी झिजवायला हवी. "यंत्राच्या हाताला माणसाचा दाब नसतो, मित्रांनो," असं तो दर व्हिडिओत सांगतो. ह्या वाक्यातला माणूस म्हणजे माझी बहीण.

हीच बहीण लग्नाआधी चित्रं काढायची. नुसती चांगली नाही. तिने कावळा काढला तर तो आता काहीतरी उचलून पळणार असं वाटायचं आणि आपण हातातलं सांभाळायचो. तिला ह्या माणसाने खिडकीपाशी बसवलं. काळ्या पाटीवर चिकटपट्टीच्या चार तुकड्यांनी तळहाताएवढा चौकोन आखून दिला आणि सांगितलं, ह्यात वर्तुळं काढत बस. काढलेलं पाटीवर उमटत नाही, समोरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसतं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात रेघेची लांबी मोजणारा आकडा पळत असतो. संध्याकाळी झिजमापे येतो, आकडा उतरवून घेतो, निब उपसून भिंगाखाली धरतो आणि स्क्रीनवरच्या रेघोट्या न बघता पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी नवी निब, तोच चौकोन. बहिणीच्या मनगटाला आता पट्टा असतो. "आमच्या सौ. ह्या कामासाठी चंदनासारख्या झिजतात," असं त्याने एकदा व्हिडिओत कौतुकाने सांगितलं. चंदन झिजलं तर निदान वास तरी सुटतो.

पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मला बहिणीचाच राग जास्त यायचा. तो मूर्ख आहे, त्याला इलाज नाही. ही मूर्ख नव्हती. तरी मान खाली घालून गोल गोल काढत बसायची, घाण्याला जुंपल्यासारखी. मी एकदा तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "ताई, चहा टाकू का?"

मी मुलांच्या पुस्तकांची संपादक आहे. आमच्या ऑफिसात गोष्टी कमी आणि मीटिंगा जास्त होतात, पण त्यातून वेळ काढून मी एक गोष्ट लिहिली होती. पाण्याला घाबरणाऱ्या बदकाची. आठ महिन्यांपूर्वी ती बहिणीकडे घेऊन गेले आणि म्हटलं, चित्रं तूच काढायचीस. तिने कागद वाचले, मधे एकदा हसली आणि माझ्या हातात परत दिले.

"हात उरत नाही गं ताई," ती म्हणाली.

त्यानंतर मी किती चित्रकारांची बदकं पाहिली असतील! एकाचं बदक हंसासारखं, एकाचं रबरी, एकाचं तर आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखं दिसत होतं, ते मी मुद्दाम साहेबांना दाखवलं. शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, सोमवारपर्यंत चित्र आलं नाही तर मी तयार चित्रांतलं एक विकत घेतो. कुठलं, तेही त्यांनी दाखवलं. काळा चष्मा घातलेलं, अंगठा वर करून हसणारं बदक. बदकाला अंगठा! माझी गोष्ट त्या बदकाच्या तोंडी जाणार ह्या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून रविवारी सकाळीच उठून बहिणीकडे गेले.

दार तिनेच उघडलं. मनगटाला पट्टा, हातात टेबल लॅम्प.

"आत्ता आलीस? लाइव्ह सुरू होतंय गं."

"उद्या सोमवार आहे. उद्या मिळालं नाही तर चष्मेवालं बदक छापलं जाणार. शेवटचं विचारायला आलेय."

ती लॅम्पच्या वायरचा गुंता सोडवत राहिली. मग म्हणाली, "आत ये. टेबलाजवळ उभी राहा, स्क्रीन दिसेल अशी."

आत पडदे ओढलेले. झिजमापे इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. वर स्टँडला मोबाइल लावून त्याने तो खालच्या पाटीवर रोखला होता आणि समोरच्या स्क्रीनवर ते सगळं मोठं दिसत होतं.

"या, ताई! बरोब्बर आलात. आज पाटीचा निकाल."

"पास होईल ना हो, जावईबापू?"

"बघाच," तो म्हणाला, आणि गळा साफ करून एकदम गुरू झाला. "मित्रांनो, निब झिजते ते कुणालाही दिसतं. पाटी झिजते ते दिसायला नजर लागते. ह्या एकाच चौकोनात आपण आठ महिने फक्त वर्तुळं काढली. सारखा वेग, सारखा दाब. आणि आता बघा. लॅम्प वर घे गं."

बहिणीने लॅम्प वर धरला. चौकोनात काहीच दिसलं नाही, नुसतं काळं.

"बघितलंत? एकसारखी झीज. ह्याला म्हणतात शिस्त."

त्याने हे म्हटलं आणि बहिणीने लॅम्प खाली आणायला सुरुवात केली. सावकाश, टेबलाला टेकेपर्यंत. उजेड पाटीवरून आडवा सरपटत गेला, आणि जिथे जिथे पेनाने खरखरीतपणा घासून गुळगुळीत केला होता तिथे तिथे काळ्यावर चकचकीत रेघा उमटल्या.

ते बदक होतं. माझ्या गोष्टीतलं, पहिल्या पानावरचं. काठावर उभं, एक पाय उचललेला. मान मात्र वळवून मागे बघत होतं. मान वळवल्याचं मी लिहिलं नव्हतं. मी बापडीने नुसतं 'बदक फार घाबरलं होतं' असं लिहून ठेवलं होतं. हे बदक कुणीतरी मागून 'नको जाऊ' म्हणेल म्हणून वाट बघत होतं. माझी गोष्ट मलाच तेव्हा कळली. मी टेबलाची कड धरली.

झिजमापे डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघत होता. मग त्याचा चेहरा उजळला.

"मित्रांनो!" तो ओरडला. "कोटिंगचा दोष! कारखान्यातला दोष आहे हा. बघा, थर कच्चा बसलाय." त्याने चिमटा घेतला आणि बदकाच्या मानेवरून फिरवला. "इथून सुरू होतो, असा वळतो, आणि हा इथे, हा खड्डा." खड्डा म्हणजे डोळा.

स्क्रीनच्या कडेला कमेंट धावायला लागल्या. 'गुरू, ते बदक आहे.' 'दोषाला चोच आहे हो.' 'पाटीबरोबर बदक फुकट का?' आठ महिने नवऱ्याला जे दिसलं नाही, ते कुठल्या कुठे बसलेल्या रिकामटेकड्यांना क्षणात दिसलं. त्या दिवसापासून मी रिकामटेकड्यांना नावं ठेवणं जरा कमी केलं आहे.

त्याने कमेंट वाचल्या. पाटी सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली.

"लॅम्प वर घे," तो हळूच म्हणाला. "वर घे म्हणतो ना!"

"वर घेतला तर दिसणार नाही," बहीण म्हणाली.

"कुणी केलं हे?"

ह्या घरात चित्र काढता येणारी माणसं मोजायला एक बोट पुरतं, तरी त्याने विचारलं.

"मी. आकडा रेघेची लांबी मोजतो. रेघ कसली आहे ते त्याला कळत नाही. ताईने गोष्ट दिली त्या दिवसापासून रोज हेच काढत होते, त्याच जागी."

मला वाटलं, आता तरी हा विचारेल, का लपवलंस, मला का नाही सांगितलंस. कुठल्याही नवऱ्याने विचारलं असतं. झिजमापे खुर्चीत मागे रेलला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "म्हणजे वर्तुळं नव्हतीच? मग मानेपाशी वळताना तू दाब किती देत होतीस?"

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. मला तर वाटतं, तीही तेव्हा माप घेत होती.

"रोज संध्याकाळी तुम्हीच पुसत होता," ती म्हणाली. "पुसण्याआधी एकदा तरी बघाल असं वाटायचं मला. पहिले काही दिवस तर मी वाट बघायची." मग तिने लॅम्प विझवला, मोबाइलखालची पाटी उचलली, तिची वायर गुंडाळली, पेन घेतलं. कपाट उघडून नव्या निबांची पुडी आणि पाटीबरोबर आलेला, तिच्यावर चिकटवायचा, झिजमाप्याने सील न फोडता जपून ठेवलेला प्लास्टिकचा जादा पत्रा घेतला. तो "अगं, लाइव्ह चालू आहे!" म्हणत राहिला. लाइव्ह खरंच चालू होतं. लोक हात जोडलेली चित्रं पाठवत होते.

"ताई, सोमवार म्हणालीस ना?" बहीण दारात चपला घालत म्हणाली.

झिजमाप्याचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तो विषय मिटेल. पुढच्या रविवारी त्याने नवा व्हिडिओ टाकला. 'निब तपासण्याची बदक-पद्धत, माझा नवा शोध.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आता झिजवायला घरात कुणी नसल्यामुळे स्वतःच काढायला बसला. दुपारपर्यंत अंगठा सुजला, आणि जे उमटलं त्याला लोकांनी बटाटा म्हटलं. मग त्याने यंत्राचा हात मागवला. त्याला हवा तेवढा माणसाचा दाब येतो म्हणे.

तर त्या रविवारी दुपारी बहीण माझ्या खिडकीपाशी बसली. आधी तिने चिकटपट्टीचे चारही तुकडे नखाने खरवडून काढले. मग पाटीवरचा झिजलेला पत्रा कोपऱ्यातून सोलायला लागली.

"अगं थांब!" मी ओरडले. "त्याला मी फ्रेम करणार आहे. ऑफिसात लावणार आहे, साहेबांच्या डोक्यावर."

तिने पत्रा सोलून माझ्यासमोर धरला. "दिसतंय काही?"

खिडकीच्या उजेडात नुसता काळा, मळका पत्रा दिसत होता.

"दिसायला दिवा वाकवावा लागतो," ती म्हणाली. "आणि हे झिजलेलं आहे, ताई. काढलेलं नाही." पत्र्याची गुंडाळी करून तिने ती माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी हळहळले, पण हात लावायची हिंमत झाली नाही.

नवा पत्रा बसवला. नवी निब बसवली. मनगटाचा पट्टा सोडला आणि बदक काढलं. मान वळलेली, पाय उचललेला, सगळं जिथल्या तिथे. पण एवढी मोठी पाटी मोकळी पडलेली असताना ते बदक एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत अंग चोरून उभं होतं.

"मोठं काढ की," मी म्हटलं.

तिने ते पुसलं आणि पुन्हा काढलं. पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा तिचा हात एका ठिकाणी थबकला आणि मागे वळला. तिथे पट्टी नव्हती, काहीच नव्हतं. आम्ही दोघींनी ते पाहिलं.

"हात वळतोय गं आपोआप," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लग्न ठरलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मला त्या माणसाचा असा संताप आला की तो समोर असता तर काट्यासकट खिडकीबाहेर फेकला असता. पण समोर ती होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

तिने बाहीने डोळे पुसले. पेन उचललं आणि पाटीच्या पार डाव्या टोकाला टेकवलं.

"आधी पाणी काढते," ती म्हणाली.

आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. मधे, जुन्या चौकोनाची कड होती तिथे हात अडखळला आणि पुढे गेला. रेघ वाकडी आली. ती तिने पुसली नाही.