फळीचं दुसरं टोक

सुताराचं नाक वर्षभर चोंदलेलं होतं. भुसा जातोय, एवढंच निदान घरच्यांनी केलं होतं. मग उजवा डोळा पुढे आला, एका खिळ्याचे दोन दिसू लागले, तेव्हा तो दवाखान्यात गेला. नाकाशेजारच्या पोकळीत कॅन्सर होता आणि तो डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: डोळ्याभोवतीचा पडदा शाबूत असला तर डोळा वाचेल, आजार त्यातून आत गेला असला तर नाही, आणि ते उघडल्यावरच कळेल. त्या वेळी काय करायचं ते बायकोला विचारा, असं तो म्हणाला.

फळी सरळ आहे का, हे तो डावा डोळा मिटून उजव्याने बघे. दुसरं टोक धरायचं काम लग्नापासून बायकोचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने तिला बजावलं, "डोळा काढू का विचारलं तर नाही म्हण." ती हो म्हणाली; जागरणांनी इतकी शिणली होती, की कशालाही हो म्हणाली असती.

ऑपरेशन चालू असताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आजार पडद्याच्या आत शिरला होता. डोळा ठेवायचा तर आजारही ठेवावा लागणार होता.

"काढा," बायको म्हणाली.

घरी आल्यावर तो बोलेनासा झाला. पट्टी बदलायला तोंड पुढे करायचा, तेवढंच. जाऊबाईंनी तिला समजावलं, की डॉक्टरांनी परस्पर ठरवलं म्हणून सांग, उगाच वाईटपणा कशाला घेतेस. तिलाही ते पटलं.

एका सकाळी तो नाकातोंडाला फडकं बांधून शेडमध्ये गेला. फळी उचलली. बायको सवयीने दुसऱ्या टोकाला गेली.

"तुला विचारलं होतं?"

"विचारलं."

"मग?"

जाऊबाईंचं उत्तर अगदी ओठांवर होतं. पण ते जन्मभर निभावायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"काढा म्हटलं. मीच."

त्याने फळी डाव्या डोळ्यापुढे धरली. बराच वेळ बघत राहिला.

"शब्द दिला होतास."

"दिला होता."

"वाकडी आहे ही."

"सरळ आहे."

त्याने पुन्हा पाहिलं. "मग हलवतेस कशाला?"

"हात भरून आलेत."

त्याने आपलं टोक खाली टेकवलं आणि ती तिचं टेकवेपर्यंत थांबला.