धैर्यशीलसरांचा कॅमेरा

मार्चमधल्या एका दुपारी सातारा-सांगलीच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक जाहिरात पडली. पंधरा वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा विकणे आहे. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलंय, आता मिळणार नाही. एकहाती वापर, सेन्सर स्वच्छ. किंमत एवढी की त्यात एखादी बरी जुनी मोटार आली असती. शेवटी लिहिलं होतं, 'राज्यस्तरीय पहिलं बक्षीस मिळालेला "माणदेशची माय" हा फोटो याच कॅमेऱ्यानं टिपला आहे.' खाली नाव होतं, धैर्यशील, सांगली.

उत्कर्षा साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आपल्या स्टुडिओत एका लग्नाचा अल्बम लावत बसली होती. तिनं जाहिरात वाचली आणि फोन उलटा करून ठेवला. तो फोटो तिनं काढला होता. फोटोतली म्हातारी तिची आजी होती.

तेरा वर्षांपूर्वी ती सांगलीत शिकत होती आणि धैर्यशीलसरांच्या स्टुडिओत काम करत होती. एका संस्थेच्या पुस्तिकेसाठी फोटो हवे होते म्हणून सर तिला घेऊन म्हसवडकडं गेले. तिकडं तिचं गाव, तिचे वडील धुळा मेंढरं राखायचे. सरांना ऊन बाधलं. ओला टॉवेल तोंडावर घेऊन ते जीपमध्ये आडवे झाले आणि म्हणाले, दोन-चार फोटो तूच काढून ठेव. तेवढ्यात वावटळ उठली. धुळीतून कळप पळत निघाला आणि त्याच्यामागं पदरात कोकरू धरून आजी, हरणाबाई, वळून बघत उभी राहिली. उत्कर्षानं एकच फोटो काढला. काढतानाच तिला कळलं होतं की हा जमला.

सहा महिन्यांनी तो पेपरात आला. बक्षीस सरांना, नाव सरांचं. ती स्टुडिओत गेली आणि गिऱ्हाइकांसमोरच विचारलं. सर हसले. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पोरगी, कॅमेरा धरायला मी शिकवला आणि आता माझ्यावरच हक्क सांगते, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली. आठवड्याभरात सांगलीतल्या प्रत्येक स्टुडिओत बातमी पोचली की तिनं एक लेन्स चोरली. कुणी कामावर घेईना, म्हणून ती साताऱ्याला आली.

त्याहून वाईट गावात झालं. माझा फोटो नातीनं काढला, असं हरणाबाई बाजारात सगळ्यांना सांगत फिरली होती. मग त्या फोटोचं कॅलेंडर आलं, त्यावर दुसऱ्याचंच नाव. लोक म्हातारीला चिडवायला लागले. एकदा तिनं विचारलं, "तूच काढलावतास न्हवं?" उत्कर्षा व्हय म्हणाली. पण त्यानंतर म्हातारीनं तो विषय कुणापाशी काढला नाही. चार वर्षांनी ती गेली.

संध्याकाळी उत्कर्षा पोवई नाक्यावर नाथाजीकाकांकडं गेली. एका खोलीत बसून ते चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करत होते. त्यांनी मॉडेलचं नाव ऐकलं आणि मान हलवली. रंग याच्यासारखे आजच्या कॅमेऱ्यांतही येत नाहीत, ते म्हणाले, माणसाची कातडी कातडीसारखी दिसते. पण याच्या सेन्सरवर एक पातळ काच असते. दमट हवेनं ती वर्षानुवर्षं आतून खराब होत जाते. कंपनी पूर्वी बदलून द्यायची, आता तिच्याकडंच काचा उरल्या नाहीत. बॅटरीही मिळत नाही.

"घ्यायचाच असेल तर आधी लेन्सचं छिद्र बारीक करून आभाळाचा फोटो काढ," काका म्हणाले. "गोल ठिपके दिसले तर हात जोडून उठ. प्रेमापोटी घेऊ नकोस."

"प्रेमापोटी नाहीच," ती म्हणाली. "त्या माणसानं तो कॅमेरा माझ्यासमोर ठेवावा आणि स्वतःच्या हातानं सोडावा, एवढंच मला बघायचंय."

काकांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

हे अर्धंच खरं होतं. तो कॅमेरा तिला हवाही होता. तिचा पहिला खरा फोटो त्यातून आला होता, आणि तो तिनं जेमतेम पाच मिनिटं हातात धरला होता. सूड की हौस, हे तिचं तिलाच दोन दिवस ठरवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सांगलीला फोन केला, साताऱ्याहून बोलतेय, कॅमेरा बघायचाय, एवढंच सांगितलं आणि सकाळची एसटी धरली.

विश्रामबागेतल्या घराचं दार सरांच्या सुनेनं, भार्गवीनं उघडलं. सर खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. डोळ्यांचा पडदा खराब झाल्यामुळं आता समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसतो, असं भार्गवीनं हळूच सांगितलं. म्हणून विकतोय, वर्ष झालं, लोक येतात, बघतात आणि जातात. भिंतीवर दारातून आत येताक्षणी दिसेल असा तो मोठा फोटो होता. आजी कोकरू घेऊन वळून बघत होती.

उत्कर्षानं कॅमेरा उचलला. वजन हाताला आठवलं. आपलं मेमरी कार्ड त्यात घालून ती गॅलरीत गेली, लेन्सचं छिद्र बारीक केलं आणि आभाळाचा फोटो काढला. पडद्यावर मोठा करून पाहिला. पाण्यावर तेलाचे थेंब पडावेत तसे सात-आठ ठिपके होते, कडेला फिकट कडी असलेले.

"आभाळाचा फोटो कशाला काढताय?" शटरचा आवाज ऐकून आतून सरांनी विचारलं. आवाजात घाई होती. ठिपक्यांचं त्यांना माहीत होतं.

 ती आत येऊन त्यांच्यासमोर बसली. त्या क्षणी तिला उठून जाता आलं असतं. पण सरांना वाटलं, गिऱ्हाईक अजून विचार करतंय, म्हणून ते भिंतीकडं हात करून फोटोची गोष्ट सांगू लागले. किती तास उन्हात उभा होतो, वावटळीची वाट कशी पाहिली, धूळ लेन्सवर येऊ नये म्हणून काय केलं. बोलणं इतकं सराईत होतं की त्यांचाही आता त्यावर विश्वास बसला असावा.

"त्या बाईंचं नाव काय होतं?" उत्कर्षानं विचारलं.

"कोण जाणे. असेल कुणी म्हातारी. आम्ही नावं कुठं विचारत बसतो."

"हरणाबाई. माझी आजी. तुम्ही जीपमध्ये झोपला होता, सर."

 भार्गवी स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. सरांनी मान पुढं काढून समोरचा चेहरा ओळखायचा प्रयत्न केला.

"उत्कर्षा," ते शेवटी म्हणाले.

"मी किंमत कमी करायला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण तो फोटो कुणी काढला, ते मला तुमच्या सहीनं लिहून हवंय. त्याशिवाय मी कॅमेऱ्याचं पुढं बोलणार नाही."

सर आधी चिडले. कॅमेरा माझा, जीप माझी, काम माझं, तू फक्त बोट दाबलंस, असं बरंच बोलले. ती ऐकत राहिली. मग ते थकले. वर्षभरात दुसरं कुणी टिकलं नव्हतं, आणि आभाळाचा फोटो बघूनही ही बाई उठली नव्हती. बक्षीस घेऊन झालं, आता एका कागदानं काय बिघडणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी भार्गवीला कागद आणायला सांगितला. मजकूर उत्कर्षानं सांगितला, भार्गवीनं लिहिला: फोटोच्या वेळी मी आजारी असल्यानं जीपमध्ये झोपलो होतो, फोटो उत्कर्षानं काढला, आणि स्टुडिओतून लेन्स चोरीला गेल्याची गोष्ट खोटी होती. शेवटच्या वाक्याला भार्गवीचा हात थांबला. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग तिनं लिहिलं, सरांचं बोट कागदावर योग्य जागी टेकवलं आणि त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून भार्गवीनं केली.

उत्कर्षानं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. कॅमेऱ्यातलं आपलं कार्ड काढलं आणि कॅमेरा सरांच्या हातात परत दिला.

"सेन्सर गेलाय. मला नको."

"तू शब्द दिला होतास."

"मी किमतीचं बोलले होते, सर. घेते असं म्हणाले नव्हते. तुम्ही मात्र 'सेन्सर स्वच्छ' असं लिहिलंय."

त्यांच्या हातून कॅमेरा सुटला. भार्गवीनं तो धरला नसता तर जमिनीवर पडला असता. उत्कर्षाला दया येईल असं तिलाच वाटलं होतं. आली नाही. बसस्टँडवर तिनं उभ्यानं वडापाव खाल्ला. तो तिला फार चवदार लागला.

त्याच संध्याकाळी तिनं कागद आणि आभाळाचा फोटो, दोन्ही गटावर टाकले. कागदाची प्रत बक्षीस देणाऱ्या संस्थेला पाठवली. त्यांनी दोन महिने चौकशी केली, भार्गवीला विचारलं आणि बक्षिसांच्या यादीतलं नाव बदललं. हरणाबाईचंही नाव फोटोखाली आलं. सरांच्या कॅमेऱ्यासाठी त्यानंतर एकही फोन आला नाही.

पावसाळ्यात भार्गवीचा फोन आला. बाबा कुणाशी बोलत नाहीत, भिंतीवरचा फोटो त्यांनीच उतरवायला लावला, ती म्हणाली. कॅमेरा समोर असला की त्यांना त्रास होतो. तुम्ही घेऊन जा, काय द्यायचं ते द्या, नाहीतर देऊही नका.

उत्कर्षानं एक दिवस मागून घेतला. छिद्र मोठं ठेवून काम केलं तर ते ठिपके दिसत नाहीत, कॅमेरा अजून काही वर्षं चालला असता. तिला तो अजूनही हवा होता. रात्रभर त्याचं वजन तळहातावर जाणवत राहिलं. सकाळी तिनं फोन केला.

"राहू दे तुमच्याकडंच," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर."

भार्गवीनं फोन ठेवला.

दिवाळीत उत्कर्षा फोटोची मोठी प्रत घेऊन गावी गेली. धुळानं ती घराच्या पुढच्या सोप्यात टांगली, मागं सरून बघितली आणि विचारलं, "मग त्यो कॅमेरा घेतलास का न्हाई?"

"न्हाई, आबा. मिळत होता. फुकट मिळत होता."

"मग?"

"त्यांच्या घरात असू दे म्हटलं."

धुळानं फोटो जरा सरळ केला. "बरं वाटतंय का आता?" त्यानं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "लय बरं वाटतंय."

त्यानं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं, पागोटं सारखं केलं आणि मेंढरं सोडायला गेला.